चिठ्ठीवरची गोळी आणि नोकरीतली चाचणी

मागच्या खेपेला आपण इच्छास्वातंत्र्यावर बोललो आणि शेवटी एका श्रोत्यांनी मला चांगलंच पकडलं. ते म्हणाले, ‘सर, पुस्तकात हे सगळं ठीक आहे. पण ज्याला एखादी गोष्ट सोडायची आहे आणि ती सुटत नाही, त्याला तुमच्या तत्त्वज्ञानाचा उपयोग काय?’ मी तेव्हा वेळ संपल्याचं कारण सांगून सुटलो. आज मात्र त्याच प्रश्नाला बसायचं आहे. एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

आधी माझी स्वतःची छोटी हकिगत सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी येताना वेदनेसाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्या. ट्रामाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातलं औषध. गोळ्या चांगल्या होत्या, दुखणं थांबलं. पण त्या कशा बंद करायच्या हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दुखणं कमी झाल्यावरही रात्रीची एक गोळी चालूच राहिली. दोन-अडीच महिने गेले. मग एक दिवस ठरवलं, आता पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जांभयांवर जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा, पाय एका जागी ठरत नाहीत. मला वाटलं ताप येणार. बायको म्हणाली, ‘गोळी बंद केलीत म्हणून तर नाही?’ आयुष्यभर तर्कशास्त्र मी शिकवलं, अनुमान तिने केलं. (हशा)

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी हळूहळू कमी करायचं वेळापत्रक दिलं, तीन आठवड्यांत सुटका झाली. मी हे सगळ्यांना हसत सांगितलं, आज तुम्हालाही सांगतोय. का सांगू शकलो? कारण मी निवृत्त माणूस. पेन्शन घेणाऱ्याची लघवी कोणी तपासत नाही.

आता दुसरी हकिगत. आम्ही पूर्वी सदाशिव पेठेत एका वाड्यात राहायचो. तिथल्या शेजारच्या बिऱ्हाडातला एक मुलगा पुढे इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला. एका रसायनांच्या कारखान्यात, नियंत्रण कक्षात तो काम करतो. मला काका म्हणतो. त्याच्या परवानगीनेच सांगतोय, पण नाव-गाव सांगणार नाही. त्याच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला ऑक्सिकोडोन दिलं गेलं. चौदा महिने तो ते घेत होता. सुरुवातीला चिठ्ठीप्रमाणे. नंतर चार तासांची गोळी तीन तासांनी. महिन्याच्या गोळ्या तेवीस-चोवीस दिवसांत संपायला लागल्या. मग बायकोच्या सिझेरियननंतर घरात उरलेल्या गोळ्या त्याने काढल्या. त्याच सुमाराला कंपनीने जाहीर केलं की आता अचानक, चिठ्ठ्या टाकून, कर्मचाऱ्यांची लघवी तपासली जाणार.

त्याला गोळी सोडायची होतीच. चाचणीच्या भीतीने त्याने काय केलं? शुक्रवारी संध्याकाळी, कोणालाही न सांगता, एकदम बंद केली. सोमवारपर्यंत निभावून नेऊ असा हिशेब. रविवारी रात्री त्याने मला फोन केला. बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘काका, मी दोन दिवस बाथरूममध्ये आहे. घरात सांगितलंय पोट बिघडलंय म्हणून.’ मंगळवारी त्याने पुन्हा गोळी घेतली.

आता हा माणूस दुबळा आहे का? खोटारडा आहे का? की आजारी आहे? उत्तर द्यायची घाई नको. आधी शरीराचं पाहू.

शरीर काय करतं

अफूच्या कुळातली औषधं मेंदूतल्या ठरावीक ग्राहकांवर बसतात आणि वेदनेचा निरोप दाबतात. त्याच वेळी ती शरीराची ‘सावध राहा’ ही यंत्रणाही मंद करतात. औषध रोज येत राहिलं की शरीर या मंदपणाची भरपाई करायला लागतं, सावधपणाचं यंत्र जास्त जोराने चालवतं. मग औषध एकदम काढून घेतलं की भरपाई तेवढी उरते. ब्रेक काढला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय तसाच. घाम, जुलाब, धडधड, झोप नाही, पायांत कळा. जलद उतरणाऱ्या औषधांत हा त्रास साधारण पहिल्या दिवसातच सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतो आणि आठवडाभरात ओसरतो. झोप आणि मन ताळ्यावर यायला मात्र पुष्कळ जास्त वेळ लागतो.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. एक ‘अवलंबन’, दुसरं ‘व्यसन’. अवलंबन म्हणजे शरीराला सवय लागणं. ते कोणालाही होतं, मलाही झालं. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही, नको असूनही, हात पुन्हा तिकडेच जाणं. माझं पहिल्यावर थांबलं. त्याचं पहिल्यातून दुसऱ्यात गेलं. मधली रेषा ठळक नसते आणि ती ओलांडताना माणसाला कळत नाही.

आणखी एक गोष्ट जीवन-मरणाची आहे म्हणून सांगतो. औषध थांबवल्यावर शरीराची ते सोसण्याची ताकद भराभर उतरते. काही दिवस बंद ठेवून माणूस परत जुन्याच मापाने घेतो, आणि तेच माप आता श्वास थांबवू शकतं. म्हणजे एकट्याने, लपून, झटक्यात सोडणं हा नुसता कठीण मार्ग नाही, तो धोक्याचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली डॉक्टरांना स्पष्ट इशारा दिला की ही औषधं एकदम तोडू नका. त्यातून तीव्र त्रास, असह्य वेदना आणि आत्महत्यासुद्धा घडल्या आहेत. वर्षभर किंवा जास्त काळ घेणाऱ्यांसाठी २०२२ची तिथली मार्गदर्शक सूचना महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश कमी करा असं सांगते. महिन्याला दहा टक्के! आणि आमचा गडी शुक्रवार ते सोमवारात शंभर टक्के करायला निघाला होता.

खरं उत्तर, भलताच प्रश्न

ही गोळी इतक्या घरांत पोचली कशी? १९८० साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची सापडली, असा त्याचा आशय. पत्रात खोटं काही नव्हतं. पण ते रुग्णालयातल्या, देखरेखीखालच्या रुग्णांबद्दल होतं. महिनोन् महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तरी पुढे शेकडो लेखांनी त्याचा हवाला दिला, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ‘या औषधांनी व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून. १९९६ साली पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे ऑक्सिकोडोनचंच संथपणे उतरणारं रूप, बाजारात आणलं. त्यात व्यसनाचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना सांगितलं गेलं. २००७ साली या दिशाभुलीबद्दल कंपनीच्या एका शाखेने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरहून जास्त भरायचं ठरलं. तोवर लक्षावधी घरांत ती बाटली पोचली होती.

आपल्या न्यायशास्त्रात वादात हरल्याची बावीस लक्षणं सांगितली आहेत, निग्रहस्थानं. त्यांतलं एक ‘अर्थांतर’. विषय एक चाललेला असतो आणि बोलणारा दुसऱ्याच विषयावर जातो. तो बोलतो ते खरंही असेल, पण मूळ प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. पाच वाक्यांच्या त्या पत्राचं हेच झालं: उत्तर खरं, प्रश्न भलताच. हे सूत्र जवळ ठेवा, कारण चाचणीचंही नेमकं हेच होतं.

चाचणी कुठून आली? १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी केंद्र सरकारच्या कचेऱ्या नशामुक्त करण्याचा आदेश काढला. ४ जानेवारी १९८७ला मेरीलँडमधल्या चेस इथे थांब्याचा सिग्नल ओलांडून आलेल्या इंजिनांवर प्रवासी गाडी आदळली आणि सोळा माणसं गेली. इंजिन चालवणाऱ्याने गांजा ओढला होता. १९९१ला वाहतूक क्षेत्रातल्या लोकांची चाचणी कायद्यानेच बंधनकारक झाली. या बाजूला जोर नाही असं कोणी म्हणू नये. रसायनांच्या कारखान्यात गुंगीत माणूस बसला तर त्याची किंमत गेटबाहेरच्या वस्तीला मोजावी लागते.

पण चाचणी नेमकं काय सांगते? लघवीत अमुक पदार्थ ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे की नाही, एवढंच. आणि ही मर्यादाही माणसांनीच ठरवलेली. एक गंमत सांगतो. आपण दिवाळीत अनारसे करतो, वरून खसखस लावतो. खसखस अफूच्याच बोंडातली. ती खाल्लेल्या निरपराध माणसांच्या चाचण्याही दोषी यायला लागल्या, तेव्हा १९९८ साली अमेरिकी सरकारने मॉर्फिन-कोडीनची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. उलट बाजूने, अफूच्या जुन्या ठरावीक चाचणीत ऑक्सिकोडोन भरवशाने सापडतच नसे. वाहतूक खात्याच्या यादीत ते १ जानेवारी २०१८ला आलं. म्हणजे गोळ्यांचा पूर येऊन वीस वर्षं झाल्यावर.

या चाचणीत आलेला आकडा हा माणूस आत्ता गुंगीत आहे का, ते सांगत नाही. काल रात्री दुखण्यासाठी घेतलेली गोळी आणि मजेसाठी घेतलेली गोळी लघवीत सारखीच दिसते. म्हणून तर सरकारी नियमांच्या चाचणीत मध्ये एक डॉक्टर असतो. तो कर्मचाऱ्याला फोन करतो, चिठ्ठी आहे का विचारतो, आणि चिठ्ठी योग्य असली तर निकाल निर्दोष कळवतो. हे शहाणपणाचं आहे. पण आमच्या मुलाची अडचण बघा. चिठ्ठी होती, पण घेतल्या होत्या चिठ्ठीपेक्षा जास्त आणि काही दुसऱ्याच्या नावाच्या. फोन आला असता तर तो काय सांगणार होता?

दोन माणसं, एकच आकडा

इथे मी माझ्या विषयाकडे येतो. हॅरी फ्रँकफर्ट नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ साली एक निबंध लिहिला. तो म्हणतो, इच्छा पशूलाही असते, पण माणसाला आपल्या इच्छेबद्दलही इच्छा असते. मला चहा हवा आहे, आणि मला चहा हवासा वाटू नये असंही मला वाटतं. मग तो दोन व्यसनी माणसं समोर ठेवतो. एक राजीखुशीचा. त्याला नशा हवी आहे आणि ती हवी असण्याबद्दल तक्रार नाही. दुसरा नाराज व्यसनी. त्यालाही नशा हवी आहे, पण त्या ओढीशी तो झगडतो, आणि झगडून हरतो. हरल्यावर तो म्हणू शकतो की ही ओढ माझ्या आत असली तरी ती ‘मी’ नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो: इच्छा नसतानाही, कोणीतरी जबरदस्तीने ढकलल्यासारखा माणूस पापाकडे जातो, तो कशामुळे?

नैतिकदृष्ट्या या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चाचणीच्या कागदावर काहीच अंतर नाही. चाचणीला विचारलं होतं ‘पदार्थ आहे का?’ आणि आपण वाचलं ‘माणूस भरवशाचा आहे का?’ पुन्हा अर्थांतर.

आता कायदा. अमेरिकेत १९९०चा अपंगत्वाविषयीचा कायदा आहे. तो साधारण असं म्हणतो: डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याला संरक्षण. उपचार घेऊन बेकायदा सेवन थांबवलेल्यालाही संरक्षण. पण जो सध्या बेकायदा घेतो आहे त्याला, त्या सेवनावरून कामावरून काढलं तर, संरक्षण नाही. ऐकायला रास्त वाटतं. पण त्या मुलाच्या जागी बसून बघा. संरक्षण मिळायला थांबलेलं असायला हवं. थांबायला उपचार हवा. उपचाराला रजा हवी. रजेसाठी सांगायला हवं. आणि सांगायचं तर संरक्षण हवं! याला आपल्याकडे ‘अन्योन्याश्रय’ म्हणतात. लग्न ठरल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न ठरत नाही. या चक्रात अडकलेला माणूस एकच गोष्ट करतो. लपवतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी बाथरूमचं दार लावून घेतो.

म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: लपवून सोडता येत नाही. अपवाद असतील, पण त्यावर धोरण उभं करता येत नाही. जी चाचणी माणसाला लपवायला भाग पाडते ती त्याच्या सोडण्याच्या आड येते, मग तिचा हेतू कितीही चांगला असो.

तुम्ही म्हणाल, निश्चय ही तर एकट्याचीच गोष्ट. ग्रीकांची एक जुनी गोष्ट आहे. ओडिसियसला जलपऱ्यांचं गाणं ऐकायचं होतं, पण ते ऐकणारा जिवंत घरी परतत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं. या गोष्टीत आपण दोरी पाहतो आणि खलाशांना विसरतो. कोणी स्वतःला स्वतः बांधू शकत नाही, शेवटची गाठ दुसऱ्याच्याच हाताने पडते. आणि त्याने खलाशांना आधी, शुद्धीवर असताना सांगितलं होतं, ‘मी सोडा म्हणालो तर आणखी आवळा.’ त्याचा निश्चय एकट्याचा होता, पण तो टिकला बोलून दाखवल्यामुळे.

याला व्यवहारातला पुरावा आहे. अमेरिकेत व्यसनात सापडलेल्या डॉक्टरांसाठी बऱ्याच राज्यांत खास कार्यक्रम आहेत. उपचार, आणि पुढे साधारण पाच वर्षं अचानक चाचण्या. त्यांतल्या बहुतेकांचं ठीक चालतं, परवाना टिकतो, काम टिकतं. चाचणी तीच आहे, लघवीची बाटली तीच आहे. पण इथे माणसाच्या आजाराचं सगळ्यांना ठाऊक आहे आणि सापडल्यावर आधी उपचार वाढतो. तीच दोरी इथे डोलकाठीची आहे, तिथे फासाची.

मग पुढे काय झालं

त्या रविवारच्या फोनवर मी त्याला तत्त्वज्ञान सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘बायकोला सांगितलंस?’ म्हणाला, नाही. म्हटलं, आधी तिला सांग. त्याला दोन दिवस लागले, मंगळवारची गोळी मधल्या त्या दोन दिवसांतली. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बुप्रेनॉर्फिन सुरू केलं. हे औषध त्याच ग्राहकांवर बसतं पण अर्धवट जोराने. ओढ आणि त्रास शमवतं, आणि ठरल्या मापात घेतलं तर डोक्यात नशा चढवत नाही. अमेरिकेत या उपचारासाठी ते २००२ पासून मान्य आहे. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं लोक म्हणतात. मधुमेही माणसाला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही.

त्याचा चिठ्ठीत नंबर लागण्याआधी, एका वकिलाचा सल्ला घेऊन त्याने कंपनीला स्वतःहून सांगितलं. हा क्रम महत्त्वाचा. चाचणीआधी मदत मागणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी वाट मिळते, निकाल आल्यावर मागणाऱ्याला क्वचित. रजा मिळाली. परतल्यावर नऊ महिने त्याला नियंत्रण कक्षात बसू दिलं नाही, कागदपत्रांवर ठेवलं. त्या वर्षीची बढतीही गेली. मध्यंतरी मला म्हणाला, ‘काका, सांगितल्याचा पस्तावा नाही. पण फुकट पडलं नाही ते.’ मी हे मुद्दाम सांगतोय. ‘सांगा म्हणजे सगळं छान होतं’ असं म्हणणं सोपं असतं, कारण किंमत सांगणाऱ्याला पडते, सल्ला देणाऱ्याला नाही.

हे आपल्यापासून लांबचं नाही. २०१८ साली ट्रामाडॉल आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. जानेवारी २०२२ अखेरपासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या अशा चाचण्या भारतातही सुरू झाल्या. त्या नियमात पहिल्यांदा सापडलेल्याला व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवायची तरतूद आहे, ही जमेची बाजू. आपल्या पुण्यात तर १९८६ पासून मुक्तांगण उभं आहे, जिथे माणूस चारचौघांत उठून ‘मी व्यसनी आहे’ असं म्हणतो आणि तिथून बरा व्हायला लागतो.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: म्हणजे चाचण्या बंदच कराव्यात असं तुमचं मत आहे का?*

नाही. चेसच्या गाडीतली सोळा माणसं मी विसरलेलो नाही. जिथे इतरांचा जीव हातात आहे तिथे चाचणी हवी. माझं म्हणणं, चाचणीच्या आधी एक दार उघडं हवं, ज्यातून माणूस नोकरी न गमावता आत येऊन सांगू शकेल. असं दार असलेली चाचणीच जास्त सुरक्षित, कारण दार नसेल तर सोडताना थरथरणारा माणूस ते लपवत नियंत्रण कक्षातच बसलेला असतो.

*प्रश्न: माझे मिस्टर दोन वर्षं पाठदुखीसाठी अशीच गोळी घेतात. तुमचं ऐकून वाटतंय, उद्यापासून बंद करायला लावावी.*

नको, ताई. उद्यापासून बंद तर अजिबात नको. डबा लपवू नका, गोळ्या मोजायलाही बसू नका. उद्या एवढंच करा: डॉक्टरांची वेळ घ्या आणि तुम्ही सोबत जा. तिथे बोलायचं त्यांनी. सुरुवातीला गप्प बसतील. बसू द्या. तुम्ही शेजारी असा.